वेखंड उगाळण्याआधी

"झाडपाल्याचं आहे, त्यानं काय अपाय होतोय?" हे वाक्य आपल्यात इतकं स्वस्त झालंय की ते बोलण्याआधी थांबून विचार करण्याची गरज कुणालाच वाटत नाही. बारशाला गेलं की ऐकायला येतं, बाळंतिणीला भेटायला गेलं की ऐकायला येतं, बस्तीतून दर्शन करून परतताना पायरीवर बसलं तरी ऐकायला येतं. आणि एकदा हे वाक्य उच्चारलं की पुढचं बोलणं बंद. समोरची पोरगी काही विचारायला गेली तर ती शिकलेली, म्हणजे शेफारलेली.

मी झाडपाल्याच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगते. माझ्या घरात ओवा आहे, सुंठ आहे, हिरडा आहे, अडुळशाचं झाड परसात आहे. सर्दी-खोकल्याला मी आधी काढाच करते. पण ओवा आणि धोतरा दोन्ही झाडपालाच. कण्हेरही झाडपाला, बिब्बाही झाडपाला, बचनागही झाडपाला. कण्हेरीची बी कुणी बाळाला उगाळून देत नाही. म्हणजे झाडपाल्यातही काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही हे आपल्याला कळतं. मग "झाडपाल्याचं आहे" हे उत्तर होऊच शकत नाही. कोणतं झाड, त्याचा कोणता भाग, किती, कुणाला आणि कशासाठी, हे पाच प्रश्न त्या उत्तराआधी यायला हवेत.

आज मी एकाच मुळीबद्दल बोलणार आहे. वेखंड.

बेळगाव, चिकोडी, निपाणीकडच्या आपल्या घरांतून वेखंड नाही असं घर सापडणं कठीण. कानडी शेजारणी त्याला 'बजे' म्हणतात. बाळाला न्हाऊ घातलं की टाळूवर वेखंडाची पूड, पोट फुगलं की वेखंडाचा लेप, आणि गुटीच्या डब्यात हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, बाळहिरडा, अतिविष, काकडशिंगी यांच्या शेजारी वेखंडाचा तुकडा. वेखंडाला संस्कृतात वचा म्हणतात आणि त्या शब्दाचा संबंध वाणीशी. म्हणून वेखंड दिलं की मूल लवकर बोलतं, स्पष्ट बोलतं, हा समज. मुलाला बोलतं करणारी म्हणून जी मुळी द्यायची, तिच्याचवरून घरातल्या सुनेचं तोंड बंद करायचं, असा आपला कारभार आहे.

बाहेरून लावायच्या वेखंडाशी माझं फारसं भांडण नाही. पूड बाळाच्या नाका-तोंडात जाऊ नये एवढं जपलं तरी पुष्कळ झालं. कपाटात, धान्यात, पुस्तकांत ठेवायच्या वेखंडाचं तर मी कौतुकच करीन. गुजरातेतल्या जैन ज्ञानभांडारांत हस्तलिखितांच्या बासनांजवळ याच मुळीच्या, ते तिला घोडावज म्हणतात, पुरचुंड्या ठेवत आले आहेत. कसर लागू नये, कीड शिरू नये म्हणून. माझं भांडण आहे ते तोंडातून पोटात जाणाऱ्या वेखंडाशी, आणि तेही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या.

आता त्या मुळीत आहे काय ते बघू. वेखंडाला जो उग्र वास येतो तो त्याच्यातल्या तेलाचा. आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात सगळ्यात मोठा वाटा बीटा-असारोन नावाच्या द्रव्याचा असतो. जम्मूकडच्या वेखंडाच्या तेलात तो तीन चतुर्थांशाच्या आसपास सापडला आहे. कीड पळते ती बहुतांशी याच द्रव्यामुळे; काही किड्यांची प्रजननशक्तीही त्याने जाते. १९६०च्या दशकात अमेरिकेत हेच जम्मूचं तेल उंदरांच्या खाण्यात बरेच महिने मिसळून पाहिलं, तेव्हा त्यांच्या लहान आतड्यात कर्करोगाच्या गाठी झाल्या. त्यानंतर १९६८ साली अमेरिकेने वेखंड, त्याचं तेल आणि अर्क खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. २००२ साली युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने बीटा-असारोनचा अभ्यास करून सांगितलं की त्याची निर्धोक अशी मर्यादा ठरवता येत नाही, तेव्हा वापर कमी करा. २००८च्या युरोपीय नियमात तर आपल्या जातीचं वेखंड स्वादासाठी वापरायलाच मनाई आहे, आणि मद्यात या द्रव्याचं प्रमाण किलोमागे एक मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये असं लिहिलं आहे.

इथे कुणीतरी म्हणेल, "उंदरांना दिलं ते ढीगभर असणार, आणि आपली पोरं काय उंदीर आहेत काय?" बरोबर आहे. उंदरांना दिलेला डोस मोठाच होता. गुटीने माणसाच्या बाळाला कर्करोग होतो असं मी म्हणत नाही, आणि तसं म्हणून कुणाला घाबरवणंही मला पटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. दारू पिणाऱ्या मोठ्या माणसासाठी जिथे मिलिग्रॅम मोजतात, तिथे दूध पिणाऱ्या बाळासाठी आपण काहीच मोजत नाही. त्या बाळाचं यकृत अजून पुरतं तयार झालेलं नसतं. मोठं माणूस जे पचवून बाहेर टाकतं ते त्याला तितक्या लवकर टाकता येत नाही. आणि तात्काळ होणारा त्रास तर माणसांतही नोंदलेला आहे. स्वीडनमध्ये काही तरुणांनी नशेच्या नादाने ही मुळी खाल्ली, तेव्हा त्यांना तास न् तास उलट्या झाल्या. ती धडधाकट माणसं होती.

माझ्या मोबाइलवर मध्यंतरी एक मेसेज तीन वेगवेगळ्या गटांतून आला. त्यात लिहिलं होतं की वेखंड अमेरिकेतले मूळ रहिवासीसुद्धा शतकानुशतकं खात आले, पण औषध कंपन्यांनी कट करून त्यावर बंदी आणली. यातला पहिला भाग खरा आहे, म्हणून तो जास्त घातक.

अमेरिकेच्या मध्यभागी प्रेअरी म्हणतात ती अफाट गवताळ मैदानं आहेत. तिथल्या ओढ्याकाठी, पाणथळीत वेखंडासारखंच झाड उगवतं. तशीच तलवारीसारखी पानं, तशीच वासाची मुळी. मेल्विन गिलमोर यांनी १९१९ साली मिसुरी नदीच्या खोऱ्यातल्या जमातींच्या वनस्पतींवर जे लिहिलं त्यात या मुळीचा मान मोठा दिसतो. पोटातल्या वायूला, पोटशुळाला, तापाला, खोकल्याला, दातदुखीला, सर्दीला ही मुळी. डकोटा लोकांचे लढवय्ये शत्रूसमोर जाताना मुळी चावून तिचा लगदा तोंडाला फासत, म्हणजे भीती वाटत नाही. वाचताना मला आपलीच अव्वा बोलते आहे असं वाटलं. पोट दुखलं, लाव वेखंड. सर्दी झाली, लाव वेखंड.

पण झाड तेच नाही. प्रेअरीतल्या झाडाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, युरोपातल्यात तीन, आणि आपल्याकडे व पूर्व आशियात जे मुख्यतः सापडतं त्यात चार. हा फरक नुसता पुस्तकी नाही. दोन संचांच्या अमेरिकी झाडात बीटा-असारोन जवळपास नसतंच. तीन संचांच्या झाडात थोडं असतं. चार संचांच्या झाडात भरपूर. अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ आता अमेरिकी झाडाला वेगळी जातच मानतात. म्हणजे डकोटा बाईने आपल्या पोराच्या पोटदुखीला जी मुळी दिली ती एक, आणि तुम्ही बेळगावच्या बाजारातून आणली ती दुसरी. तिचा अनुभव खरा असेल. तिच्या झाडाचा दाखला आपल्या झाडाला देता येत नाही, एवढंच.

परंपरा परंपरा म्हणतो ती अशी असते. एका मातीतल्या एका झाडाबरोबर एका समाजाने काढलेले दिवस म्हणजे परंपरा. ती उचलून दुसरीकडे लावली की नाव तेवढं शिल्लक राहतं. आणि कंपन्यांच्या कटाचं म्हणाल, तर ती बंदी खाद्यपदार्थांत घालण्यावर होती. वेखंडाचं तेल तिकडे मद्यात घालत, मुळीची साखरेत घोळलेली मिठाई करत. नुकसान झालं ते त्या मालाचं. आपल्या आजीबाईच्या बटव्याशी त्यांचं काही वैर नव्हतं.

"मग आयुर्वेद खोटा काय?" हा पुढचा प्रश्न. आयुर्वेदाचं नाव पुढे करणाऱ्यांनी आयुर्वेदाचं तरी ऐकावं. भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधिकोशात वेखंडाच्या चूर्णाची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम दिली आहे. मिलिग्रॅम. आणि एक ते दोन ग्रॅम कशासाठी, तर उलटी करवण्यासाठी. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावाने आपण भांडतो, तेच सांगतंय की ही मुळी जास्त झाली की माणूस ओकतो. ग्रंथांत वेखंड वापरण्याआधी त्याचं शोधन करायला सांगितलंय. गोमूत्रात, काढ्यांत शिजवून मग घ्यायचं. शोधन म्हणजे काय? मुळात काहीतरी दोष आहे, तो काढून मग वापरायचं. वैद्यांना हे ठाऊक होतं. किराणा दुकानातून दहा-वीस रुपयांचा तुकडा आणून सहाणेवर घासणाऱ्या आपल्यापैकी कितीजणी शोधन केलेलं वेखंड मागतात? दुकानदाराला शब्द तरी माहीत आहे काय?

जरा हिशेब करा. वाळल्या मुळीत दोन टक्के तेल धरलं आणि त्या तेलात तीन चतुर्थांश बीटा-असारोन धरलं, तर मोठ्या माणसाच्या ६० मिलिग्रॅमच्या मात्रेत जवळपास एक मिलिग्रॅम द्रव्य येतं. युरोपात एक किलो मद्यात जेवढं चालतं तेवढं. आता गुटीचा एक वेढा म्हणजे किती? सहाण खरखरीत असेल तर जास्त, गुळगुळीत असेल तर कमी. मुळी जुनी असेल तर वेगळं, ताजी असेल तर वेगळं. हात सासूचा असेल तर वेगळा, मोलकरणीचा असेल तर वेगळा. माझ्या आजेसासूबाई गुटीचे वेढे मोजून द्यायच्या. एक महिन्याच्या बाळाला प्रत्येकाचा एक वेढा, दुसऱ्या महिन्यात दोन, आणि वेखंड कधी रोज नाही. उगाळताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे, मोजणी चुकेल म्हणून. त्यांच्या हाताशी वजनकाटा नव्हता, पण धाक होता. मात्रेचा धाक. आज आपण त्यांचा धाक टाकून दिलाय आणि मुळी तेवढी ठेवलीय. आणि याला आपण त्यांची परंपरा म्हणतो!

त्यात आता तयार गुटी आली. सुंदर डबा, आत कप्पे, वर 'हर्बल', 'शंभर टक्के नैसर्गिक', 'केमिकल-फ्री'. केमिकल-फ्री म्हणजे काय हो? बीटा-असारोन काय आकाशातून पडलेलं अमृत आहे? ते केमिकलच आहे, झाडाने बनवलेलं. झाडं आपली पोरंबाळं वाढवायला जगत नाहीत. किडीपासून जीव वाचवायला अशी द्रव्यं बनवतात. त्या डब्यावर वेखंडाची जात लिहिलेली नसते, शोधन केलं की नाही ते नसतं, मात्रा नसते. बाजारात 'बालवच' नावाखाली मिळणारी मुळी तर वेखंडाची नसून भलत्याच झाडाचीही असू शकते. अतिविषाचंही तसंच. त्याच्या कुळातला बचनाग जहाल विष आहे. वाळलेल्या मुळ्यांच्या ढिगात कोण कोणाची ते ओळखायला तयार डोळा लागतो. तो दुकानदारापाशी असेल अशा भरवशावर आपण बाळाच्या तोंडात बोट घालतो.

"आम्हाला दिलंच होतं की गुटी. आम्ही नाही काय जगलो?" या प्रश्नाला मी टाळणार नाही, कारण तो विचारणाऱ्या बायका माझ्या मायेच्या आहेत. होय, तुम्ही जगलात. पण जी जगली नाहीत ती आज बोलायला नाहीत. शंभर वर्षांपूर्वी या देशात हजार मुलं जन्मली तर दोनशेच्या आसपास वर्षाच्या आतच जात. २०२०च्या सरकारी नोंदीत हा आकडा अठ्ठावीसवर आला आहे. आपल्या प्रत्येकीच्या आजीला विचारा, किती झाली आणि किती राहिली. ती आधी झालेल्यांची संख्या सांगते, मग गप्प होते. ती सगळी गुटीने गेली असं मी मुळीच म्हणत नाही. ती जुलाबाने गेली, धनुर्वाताने गेली, देवीने गेली. पण बाळ का गेलं हे कोण लिहून ठेवत होतं? "दूध उलटलं", "दृष्ट लागली", "बाहेरचं झालं". ज्या काळात बाळाच्या मरणाचं कारण कुणी विचारलं नाही, त्या काळाला गुटीच्या निर्धोकपणाचा साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही.

"पण गुटी दिल्यावर पोट थांबतं, रडं थांबतं, हे डोळ्यांनी बघितलंय." बघितलं असणार. तान्ह्या बाळाचं संध्याकाळचं रडं, पोटशूळ, तीन-चार महिन्यांचं झालं की बहुतेक बाळांत आपोआप थांबतं. तोवर तुम्ही जे काही देत होता त्याला श्रेय मिळतं. गुटीला मिळतं, ग्राइप वॉटरला मिळतं, दृष्टीच्या मीठमोहऱ्यांनाही मिळतं.

आणि शांत झोपलेलं बाळ नेहमी बरं झालेलं असतं असंही नाही. जायफळाने गुंगी येते. वेखंडाच्या तेलाने प्राण्यांना सुस्ती येते असं प्रयोगांत दिसलंय. एकेकाळी ग्राइप वॉटरमध्ये अल्कोहोल असे. त्याहून जुनी गोष्ट सांगते. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूच्या 'बाळागोळ्या' देत. १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहणीत त्याच्या नोंदी आहेत. त्या बाया दुष्ट होत्या काय? दहा-दहा तास साच्यावर उभं राहायचं, बाळ खोलीत एकटं किंवा म्हाताऱ्या शेजारणीजवळ. ते झोपून राहिलं तरच पगार, पगार आला तरच चूल. बाळाला अफू दिली ती खरं तर गिरणीच्या भोंग्याने.

म्हणून मी विचारते, बायांनो, शांत बाळ घरात नेमकं कुणाला हवं असतं? रात्री बाळ रडलं तर ज्याची झोप मोडते आणि जो कूस बदलून म्हणतो, "बघ गं, काय झालंय त्याला," त्याला. पहाटे स्वयंपाकघर सुरू व्हायला हवं म्हणणाऱ्याला. आणि त्या दमलेल्या आईलाही, कारण तिच्या हातातून बाळ घ्यायला दुसरा हात पुढे येत नाही. बाळ रडतं तेव्हा त्याला कुणीतरी कडेवर घेऊन फिरायला हवं. ते काम घरातल्या पुरुषांनी वाटून घेतलं असतं तर गुटीच्या डब्याचं निम्मं काम संपलं असतं. सहाण पुढे करणारे हात सगळे बायकांचे आहेत म्हणून दोष बायकांचा, असं मला कुणी सांगू नये.

तसंच काही डॉक्टरांचंही. बाळाला घेऊन गेलेल्या आईला पाच माणसांदेखत "अडाणी आहात काय, कसली गुटीबिटी देता?" म्हणून झापायचं, आणि पुढच्या रुग्णाला हाक मारायची. त्या आईने काय करावं? घरी सासू म्हणते दे, इथे डॉक्टर म्हणतो मूर्ख. ती पुढच्या वेळी गुटी देईल आणि डॉक्टरांना सांगणार नाही. बाळाला उलट्या झाल्या तरी लपवेल. झापण्याने गुटी थांबत नाही, सांगणं तेवढं थांबतं. दोन मिनिटं काढून कारण समजावलं, सासूबाईंनाही आत बोलावून समजावलं, तर काम होतं.

आता आपल्या घरची गोष्ट. आपण पाणी गाळून पितो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला त्रास होऊ नये म्हणून. सूर्य मावळला की ताट बाजूला सारतो. आलं चालत नाही पण सुंठ चालते, ओली हळद चालत नाही पण वाळली चालते, याचा हिशेब आपल्या चौथीतल्या पोरीलासुद्धा पाठ असतो. मध आपल्यात वर्ज्य, त्यामुळे इतरांच्या घरी मधात चाटवतात तसं आपण चाटवत नाही, आणि ते बरंच आहे, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून भयंकर जंतुबाधा होऊ शकते. बावीस अभक्ष्यांच्या यादीत विष आहे, हे सगळ्यांना आठवतं. त्याच यादीत 'अज्ञात फळ' आहे, हे किती जणींना आठवतं? ज्याचं नाव-गाव, गुण-दोष माहीत नाही ते खायचं नाही. फळापुरतं लिहिलं म्हणून मुळीला लागू नाही, असं म्हणणार काय? ज्या घरात ताटातल्या प्रत्येक घासाची चौकशी होते, त्याच घरात सर्वांत लहान जिवाच्या तोंडात जाणाऱ्या मुळीची चौकशी करणारी सून उद्धट कशी ठरते? ती तर तुमचाच यत्नाचार पाळते आहे. तुम्ही शिकवलेला विवेक तिने तुमच्यासमोर धरला म्हणून तुम्ही रागावता.

मला माहीत आहे की या सगळ्यावर एक सोपं उत्तर आहे: "लेखिकाबाईंना काय होतंय बोलायला." तेव्हा नुसतं बोलून थांबत नाही. काय करावं ते सांगते, आणि यातलं एकही महाग नाही.

पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध, दुसरं काही नाही. पाणीसुद्धा नाही, डॉक्टरांनी दिलेले थेंब किंवा औषध असेल तर तेवढंच. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते, आपलं सरकारही हेच सांगतं. गुटी बंद केली म्हणजे फक्त वेखंड टळतं असं नाही. सहाणेवरची घाण टळते, उघडं पाणी टळतं, तीन-तीन बोटं बाळाच्या तोंडात जायची टळतात.

पोट फुगलं तर बाळाला खांद्यावर घ्या, ढेकर काढा, पाय सायकलसारखे हलवा, पोटावर कोमट हात फिरवा. हे जुनंच आहे. आजीला हेही येत होतं, फक्त आपण तिचं एवढंच विसरलो.

बाळ सारखं ओकत असेल, अंगावर ओढत नसेल, हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नसेल, तर गुटी दिली होती हे न लपवता दवाखान्यात सांगा. काय काय उगाळलं होतं ते सगळं सांगा, जमलं तर तो डबाच घेऊन जा. तिथे लाज बाळगू नका.

सहा महिन्यांनंतर कुणाला आयुर्वेदाचं काही द्यायचंच असेल तर पदवी असलेल्या वैद्याच्या हातून, नाव आणि मात्रा लिहून घेऊन. वैद्याला विचारा: वेखंड शोधन केलेलं आहे काय? किती दिवस द्यायचं? खऱ्या वैद्याला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडून काही घेऊ नका.

आणि शेवटचं आपल्या महिला मंडळांसाठी. डोहाळजेवणाला, बारशाला गुटीचे देखणे डबे भेट द्यायची नवी चाल निघालीय. पन्नास-पन्नास डबे एकदम मागवतात, वर मंडळाचं नाव छापून. भेट म्हणून दिलेली वस्तू सून नाकारू शकत नाही. नाकारली तर मंडळाचा अपमान. म्हणजे तिचं उरलंसुरलं तोंडही आपण त्या डब्यात बंद करतो. ही चाल येत्या चातुर्मासाआधी बंद करावी असं माझं मागणं आहे. त्या पैशात बाळंतिणीला मऊ सुती लंगोट द्या, तिच्या घरी महिनाभर दुपारी दोन तास बाळ सांभाळायला बाई लावून द्या, नाहीतर मंडळातल्याच आम्ही बायका पाळीपाळीने जाऊ. सोमवार माझा धरा. मी रडक्या बाळाला खांद्यावर घेऊन फिरायला तयार आहे, तेवढा वेळ त्याची आई झोपू दे.

वेखंडाचा तुकडा कपाटात ठेवा, रेशमी साड्यांत ठेवा, शास्त्रांच्या बासनात ठेवा. तिथे तो आपलं काम चोख करतो. सहाणेवर घेण्याआधी मात्र घरातल्या सुनेला विचारू द्या, आणि उत्तर येत नसेल तर मुळी परत डब्यात टाका.